आग रामेश्वरी, बंब तळघरी: न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका सोसायटीचा कार्बनचा हिशेब

आमच्या इमारतीच्या दारात, टपालपेट्यांच्या वर, शहराने ठरवून दिलेल्या नमुन्यातला एक कागद लावलेला आहे. त्यावर एक मोठं इंग्रजी अक्षर आणि शेजारी एक आकडा. २०२२ साली ते अक्षर होतं ‘डी’. न्यूयॉर्कमध्ये २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना ऊर्जावापराची ही इयत्ता दरवर्षी दारात लावावी लागते. ८५ आणि वर गुण मिळाले तर ए, ७० पासून बी, ५५ पासून सी, आणि त्याखाली आम्ही. इथल्या हॉटेलांच्या काचेवरही स्वच्छतेचं असंच अक्षर असतं, त्यामुळे गणपतीला आलेल्या एका पाहुण्यांनी हळूच विचारलं होतं, “उंदीर फार झालेत का हो तुमच्याकडे?”

उंदीर नव्हते. वाफ फार होती.

इमारत १९३९ सालची, विटांची, सहा मजली, ७८ घरांची. प्रकार ‘को-ऑप’. मुंबईकरांना हा प्रकार समजवावा लागत नाही. घर तुमच्या नावावर नसतं, सोसायटीचे शेअर तुमच्या नावावर असतात. बोर्ड म्हणजे आपली कमिटी, रिझर्व्ह फंड म्हणजे सिंकिंग फंड, आणि वार्षिक सभेतला आरडाओरडा दोन्हीकडे सारखाच. मी खजिनदार. हिशेब येतात म्हणून कायद्याचं बाडही माझ्याकडेच आलं.

त्या बाडात सगळ्यात वर ‘लोकल लॉ ९७’. शहराच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींतून येतात, म्हणून २०१९ मध्ये नगर परिषदेने इमारतींनाच कार्बनची मर्यादा घातली. २०२४ ते २०२९ हा पहिला टप्पा, २०३० ते २०३४ दुसरा, पुढे आणखी कडक, आणि २०५० ला शून्य. राहत्या इमारतींना पहिल्या टप्प्यात दर चौरस फुटामागे वर्षाला ०.००६७५ टन कार्बन. त्यावर गेलात तर जादा टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड. अहवाल दरवर्षी १ मेपर्यंत, नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीने. अहवालच दिला नाही, तर चौरस फुटामागे महिन्याला अर्धा डॉलर. आमच्या ८०,००० चौरस फुटांना ते महिन्याचे ४०,००० डॉलर होतात. सभेत हा आकडा वाचला तेव्हा मागच्या रांगेतली चर्चा थांबली.

मात्र ८०,००० हा आकडा आम्हाला सहज मिळाला नाही. शहराच्या मालमत्ता करखात्यात आमची इमारत ७४,५०० चौरस फुटांची होती. कार्बनच्या हिशेबात तळघरातली धुलाईची खोली, सामानाचे पिंजरे, बॉयलरची खोली, असं सगळं बंदिस्त क्षेत्र धरायचं असतं. करखात्याच्या नोंदीत ते नव्हतं. वास्तुविशारद दोन दिवस फिता लावून मोजत बसला आणि मर्यादा एकदम ५०३ टनांवरून ५४० टनांवर गेली. मोजणीचा खर्च पहिल्याच वर्षात वसूल झाला. कुठल्याही सोसायटीने यंत्रं विकत घेण्याआधी हे करावं. तरी ते सगळ्यात शेवटी सुचतं.

आता आमचा भार. २०२१ ची बिलं काढली. वाफ करून सगळी घरं तापवणारा तळघरातला बॉयलर वर्षाला ३८,००० गॅलन तेल पीत होता. तेही नंबर चारचं, म्हणजे हलकं नंबर दोन आणि डांबरासारखं जड नंबर सहा यांचं मिश्रण. एका गॅलनमध्ये सुमारे १४६ हजार बीटीयू उष्णता (बीटीयू हे उष्णतेचं इथलं माप). कुठल्या इंधनाचा किती कार्बन धरायचा याचा गुणक कायद्यातच आहे, त्याने गुणलं की ४१८ टन. सगळ्या घरांची आणि सामायिक वीज मिळून ४ लाख युनिट, त्याचे ११५.६ टन. स्वयंपाकाच्या गॅसचे २५. एकूण ५५८. मर्यादेपेक्षा १८ टन जास्त, म्हणजे वर्षाला ४,९०० डॉलर. ७८ घरांत वाटले तर घरटी ६३ डॉलर.

“मग भरून टाकू ना,” अध्यक्ष म्हणाले. चुकीचं नव्हतं. पण मी तोच हिशेब २०३० चा मांडला. मर्यादा ५४० वरून २६८ टनांवर येते. विजेचा गुणक तोवर निम्मा होतो, कारण ग्रीडमध्ये स्वच्छ वीज वाढेल असं धरलं आहे. तेलाचा गुणक तसाच राहतो. म्हणजे काही न करता आमचे ५०१ टन, २३३ टन जादा, आणि दंड वर्षाला ६२,००० डॉलरच्या वर. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“माझ्या घरची वीज मी भरतो, ती सोसायटीच्या हिशेबात कशाला?” हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरून आला, आणि तो प्रत्येक सोसायटीत येतो. वीज कंपनी इमारतीतल्या सगळ्या मीटरांची एकत्र बेरीज देते, कुणा एकाचं बिल दाखवत नाही. कायदा इमारत बघतो, घर बघत नाही. सगळी गोम इथेच आहे. दंड सगळ्यांचा, आणि खिडकी ज्याची त्याची.

खिडकीवर जरा थांबायला हवं.

न्यूयॉर्कमध्ये हीटिंगचाही कायदा आहे, आणि तो कार्बनच्या कायद्यापेक्षा कितीतरी जुना. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी सहा ते रात्री दहा, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ हवं, म्हणजे आपले २० अंश सेल्सिअस. रात्री बाहेर काहीही असो, आत ६२. कमी भरलं की भाडेकरू ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करतो आणि निरीक्षक येतो. घर गार राहिलं तर लगेच तक्रार, फार तापलं तर कायद्याला काही देणंघेणं नाही. म्हणून प्रत्येक सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा आणि तळघरात राहणारा माणूस, गरम बाजूलाच चुकतो. आमचा सुपर मूळचा माँटेनेग्रोचा, वीस वर्षं इथे. एकावर एक असलेल्या, एकाच नळीवरच्या घरांना इथे ‘लाइन’ म्हणतात. तो म्हणाला, “जी लाइन सगळ्यात गार, तिच्यासाठी मी बॉयलर चालवतो. बाकीच्यांनी खिडक्या उघडाव्यात.”

आणि ते उघडत होते. जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, पाचव्या-सहाव्या मजल्याच्या अर्ध्या खिडक्या उघड्या. फेब्रुवारीत आम्ही वीस घरांत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवली. सगळ्यात गार घर पहिल्या मजल्यावर, टोकाला, ६५ अंश, म्हणजे कायद्याच्या खालीच. सगळ्यात गरम घर पाचव्या मजल्यावर, ८४. सेल्सिअसमध्ये २९. पुण्याचा मार्च.

त्या घरातल्या काकूंना मात्र तक्रार नव्हती. त्या रेडिएटरवर, म्हणजे खोलीतल्या वाफेने तापणाऱ्या लोखंडी जाळीवर, ताटं मांडून भर हिवाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळवत. “उन्हाची वाटच बघावी लागत नाही,” त्या कौतुकाने सांगत.

लहानपणी आजोळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडं आणि गोवऱ्या घालायच्या, भोवती पाणी. आजी बंबाशी बसून ठरवायची, कोण अंघोळीला जाणार, किती जण राहिले, मग एकच ढलपी की दोन. आमच्या तळघरात मोटारीएवढा बंब होता आणि त्याच्याशी बसून ‘किती जण राहिले’ असं विचारणारं कुणी नव्हतं. बाहेरचं तापमान बघून ठरावीक मिनिटं वाफ सोडणारा एक जुना टायमर होता, बस. घरात काय चाललंय हे त्याला कळायची सोयच नव्हती.

२०२२ मध्ये आमच्या ऊर्जा-तपासणीची पाळी आली. ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना ती दर दहा वर्षांनी करावी लागते, आणि कुठल्या वर्षी ते मालमत्तेच्या ब्लॉक क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. आमचा शेवटचा आकडा २. तोपर्यंत एका ठेकेदाराने नव्या बॉयलरचा साडेतीन लाख डॉलरचा अंदाज दिलाच होता. जुन्या बॉयलरवरची पाटी वाचून तेवढाच मोठा नवा, कार्यक्षम. कमिटीतले तिघे त्याला तयार होते. तपासणीसाठी आलेल्या बाईंनी मात्र पाटी वाचलीच नाही. त्या घरोघर फिरून रेडिएटर मोजत सुटल्या, प्रत्येकाचे किती भाग, किती उंच. वाफेच्या बॉयलरचं माप हे त्याला जोडलेल्या रेडिएटरांवरून काढायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. बेरीज झाली तेव्हा बॉयलरमध्ये इंधन जाळणारा आमचा बर्नर गरजेपेक्षा एक तृतीयांशाने मोठा निघाला. नवा बॉयलर आणला असता तर त्याच मोकळ्या खिडक्यांतून तीच उष्णता जरा स्वस्तात बाहेर गेली असती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आमचा बंब तर शब्दशः.

आग कुठे होती ते सांगते. आमची वाफ ‘एकनळी’. एकाच नळीतून वाफ वर चढते आणि थंड होऊन तिचं झालेलं पाणी त्याच नळीतून खाली येतं. वाफ शिरायची तर आधी नळीतली हवा बाहेर पडायला हवी. त्यासाठी प्रत्येक रेडिएटरच्या कडेला अंगठ्याएवढी चकचकीत कुपी असते. हवा जाईपर्यंत ती फुसफुसते, वाफ पोचली की आपोआप मिटते. आमच्याकडे दर रंगकामात रंगाऱ्याने या कुप्यांवरूनही कुंचला फिरवला होता. छिद्रं बुजलेली. तळघरातल्या मुख्य नळ्यांच्या टोकाला हवा सोडणाऱ्या मोठ्या कुप्या असायला हव्या होत्या, त्यातल्या दोन कधीतरी गळल्या म्हणून कुणीतरी काढून चक्क बूच ठोकलं होतं. त्यामुळे बॉयलरजवळच्या लाइनी पाच मिनिटांत तापायच्या आणि टोकाच्या घराकडे वाफ पोचायला पाऊण तास. तेवढा वेळ काकूंचा रेडिएटर पापड्या वाळवत बसलेला. त्यात वाफेचा दाब सहा पौंडांवर चढवून ठेवलेला, जो दोनच्या खाली पुरतो. दाब वाढवला की वाफ लांब जाईल ही सुपरांची जुनी समजूत. अडलेली हवा दाबाने जात नाही, दाबते आणि तिथेच बसते.

२०२३ च्या उन्हाळ्यात काम केलं. मुख्य नळ्यांना नव्या मोठ्या कुप्या, प्रत्येक रेडिएटरला लाइनीच्या अंतराप्रमाणे हळू किंवा जलद हवा सोडणारी कुपी, तळघरातल्या उघड्या नळ्यांना आवरण. रात्री नळ्यांत हातोडा मारल्यासारखा आवाज यायचा तो रेडिएटर उलटे कलल्यामुळे. सुपरने पायांखाली लाकडाच्या चकत्या सारल्या आणि आवाज गेला. टायमरच्या जागी घराघरांतल्या सेन्सरांची सरासरी बघणारं नियंत्रण आलं. सगळं मिळून ९०,००० डॉलर, त्यातला काही भाग वीज-गॅस कंपनीच्या सवलतीतून परत. शहराची ‘एनवायसी अ‍ॅक्सिलरेटर’ नावाची मोफत सल्लासेवा आहे, सवलतीचे अर्ज त्यांनीच भरून घेतले.

नोव्हेंबरात पहिला फोन काकूंचा. “अगं, रेडिएटर बिघडलाय. पापड्या ओल्याच.”

मी वर गेले. घरात ७१ अंश. खिडकी बंद, आणि खिडकीच्या पट्टीवरची कुंडी पहिल्यांदाच आत आलेली. काकूंना ७१ म्हणजे काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझं बरोबर असेल, पण पापड्यांचं काय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पहिल्या मजल्यावरच्या टोकाच्या घरात मात्र आजोबांनी आतला स्वेटर काढला.

२०२४ मध्ये तेल ३१,००० गॅलनवर आलं. हिवाळाही सौम्य होता, म्हणून मी सभेत टाळ्या घेतल्या नाहीत. २०२५ चा हिवाळा जास्त बोचरा, तेव्हा ३२,४००. खरी बचत ही दुसरी धरावी. तरी एकूण ४९७ टन, ५४० च्या बराच खाली. पहिल्या टप्प्याचा दंड शून्य. दारावरचं अक्षर ‘सी’ झालं. पहिला अहवाल २०२५ च्या मेमध्ये द्यायचा होता, शहराने सगळ्यांनाच मुदत वाढवून दिली, आम्ही जूनमध्ये दिला.

याच सुमारास आमच्याकडच्या ‘थांबा आणि पाहा’ पक्षाचा आधारही गेला. क्वीन्समधल्याच ग्लेन ओक्स व्हिलेज या मोठ्या को-ऑपने आणि इतरांनी २०२२ मध्ये कायद्याला आव्हान दिलं होतं, राज्याच्या हवामान कायद्यापुढे शहराला असा कायदा करताच येत नाही म्हणून. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तीन वर्षं ‘केसचा निकाल येऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी नंतर बॉयलरचा विषय स्वतः कार्यक्रमपत्रिकेवर घातला.

कारण घड्याळ एक नव्हतं. कार्बनचा कायदा इमारत विभागाचा, धुराचा कायदा पर्यावरण विभागाचा. नंबर सहाचं तेल शहराने २०१५ पर्यंत बंद केलं. नंबर चारला २०३० पर्यंत मुदत होती, ती अलीकडे आणून १ जुलै २०२७ केली. चार नंबरच्या तेलात गंधक दहा लाखांत १,५०० भागांपर्यंत चालतं, दोन नंबरच्या तेलात १५. शंभरपट फरक. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या पट्ट्यांवर बोट फिरवलं की यायची ती काळी पूड याच फरकाची.

मग दोन नंबर घ्यायचं की गॅस? धुराच्या कायद्याला दोन्ही चालतात. कार्बनच्या कायद्याला नाही: दोन नंबरने तेलाच्या टनांत दीड टक्काही फरक पडत नाही, गॅसने जवळजवळ तीस टक्के पडतो. नुसता धुराचा कायदा वाचणाऱ्या शेजारच्या इमारतीने दोन नंबरची टाकी साफ करून घेतली आणि २०३० चं दुखणं तसंच ठेवलं. आम्ही या उन्हाळ्यात गॅसचा बर्नर घालतोय, बॉयलर तोच ठेवून. रेडिएटरांच्या मापाने बर्नर ताशी ४८ लाखांवरून ३६ लाख बीटीयूचा होणार. इथे एक अनपेक्षित फायदा झाला. ताशी ४२ लाख बीटीयूच्या वर पर्यावरण विभागाचा कामकाजाचा दाखला लागतो, खाली साधी नोंदणी पुरते, दर तीन वर्षांनी. चिमणीत नवं अस्तर घालावं लागेल, कारण गॅसच्या धुरात पाणी जास्त आणि जुन्या विटा ते पितात. तो खर्च ठेकेदाराच्या पहिल्या कागदावर नव्हता. विचारावा लागतो.

छताचं त्यातच आलं. छत गळतंय. थिगळं लावत राहिलं तर कायदा लागत नाही. पूर्ण बदललं की २०१९ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नियमाने त्यावर सौरपट किंवा झाडं लावलेलं हिरवं छत करावंच लागतं. त्यात अग्निशमन दलाला सहा फुटांची मोकळी वाट सोडायची. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वाट, सगळं वजा जाता ५० किलोवॅट बसतील असं दिसतं. वर्षाला सुमारे ५८,००० युनिट.

या सगळ्याचा २०३० चा हिशेब मी पुन्हा पुन्हा केलाय. गॅस बर्नर आला की ३३४ टन, मर्यादा २६८. न्हाणीघरांचं गरम पाणी बॉयलरवरून काढून हीट पंपावर, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्रावर, नेलं की २८३. उन्हाळाभर दोन बादल्या पाण्यासाठी मोटारीएवढा बंब पेटवायचा हेही थांबतं, आजीला हे पटलं असतं. सौरपटांचे आठ वजा: २७४ च्या थोडं वर. साडेसहा टन अजून जास्त, दंड १,७७० डॉलर.

उरलेली मोठी रक्कम एकच दिसते, स्वयंपाकाच्या गॅसचे २५ टन. ७८ पैकी २६ घरांनी इंडक्शन घेतलं तर वाढलेली वीज धरूनही सात टन कमी होतात. पुरतं, अगदी काठोकाठ. अडचण तारांची आहे. १९३९ च्या घरांना मोठ्या इंडक्शन शेगडीचा भार झेपत नाही, रायझर, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या मुख्य तारा, बदलावे लागतील, किंवा साध्या प्लगवर चालणाऱ्या बॅटरीच्या शेगड्या घ्याव्या लागतील, ज्या महाग आहेत.

मार्चच्या सभेसाठी मी इच्छुकांची यादी फिरवली आहे. आतापर्यंत अकरा सह्या. काकूंनी कागद दोन दिवस ठेवून घेतला आणि सहीऐवजी पेन्सिलीने लिहून परत केला: “फुलका फुगतो का, आधी दाखव.” शनिवारी एक शेगडी उसनी आणतेय.